गावाचं जंगल गावाच्या हाती: सामूहिक वनहक्काचा दावा कसा टाकायचा आणि पट्टा आल्यावर काय करायचं

वैयक्तिक वनहक्क आणि सामूहिक वनहक्क ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गावात गेलं की बहुतेक बोलणं पहिल्याचंच चालतं, माझा पट्टा (हक्काचा कागद) कधी येईल, माझी मोजणी कधी होईल. तो हक्क आहेच, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जी वनजमीन तुम्ही कसताय ती, जास्तीत जास्त ४ हेक्टरपर्यंत. पण ज्या जंगलातून मोहफूल आणता, तेंदूपत्ता तोडता, ढोरं चारता, जिथं तुमचा पेनठाणा (देवाची जागा) आहे, ते अख्खं जंगल राखायचा, वाढवायचा आणि चालवायचा हक्क गावाला मिळतो तो सामूहिक. वनहक्क कायदा २००६, कलम ३(१)(आय). ऑफिसात सगळे त्याला सीएफआर (कम्युनिटी फॉरेस्ट रिसोर्स, सामूहिक वनसंसाधन) म्हणतात. माझ्या मते गावाची खरी ताकद ह्यात आहे, कारण चार एकरच्या पट्ट्यावर कुटुंब जगेल पण त्याच्या भोवतालचं जंगल दुसऱ्याच्या हातात राहिलं तर त्या चार एकरालाही काही अर्थ उरत नाही.

हे मी पूर्व विदर्भ डोळ्यासमोर ठेवून लिहितोय, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, कारण तिथलं काम जवळून माहीत आहे. पण कायदा देशभर तोच आहे, नंदुरबार, पालघर, मेळघाट, सगळीकडे लागू. आणि फक्त राखीव जंगलच नाही, संरक्षित वन, झुडपी जंगल, अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, सगळ्या प्रकारच्या वनजमिनीवर दावा टाकता येतो. "इथं वनविकास महामंडळाचा प्लॉट आहे, इथं दावा चालत नाही" असं कोणी सांगितलं तर त्यांना म्हणा बरं, हे लेखी द्या. बहुतेक वेळा तिथंच विषय संपतो.

पहिलं काम: ग्रामसभा कोणाची?

इथं सगळ्यात जास्त गोंधळ होतो. ग्रामपंचायतीची ग्रामसभा वेगळी आणि वनहक्क कायद्यातली ग्रामसभा वेगळी. पंचायतीत पाचसहा गावं, टोले असतात, २६ जानेवारीला पंचायतीच्या ठिकाणी खुर्च्या टाकून जे होतं ते तुमच्या कामाचं नाही. पेसा (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा) १९९६ चा आणि त्याचे महाराष्ट्राचे नियम २०१४ चे, त्यात आणि वनहक्क कायद्यात दोन्हीकडे गाव म्हणजे जिथं लोक एकत्र राहतात, आपल्या रीतीभातीनं आपला कारभार करतात ती वस्ती. म्हणजे टोला, पाडा, गुडा सुद्धा. टोल्याचं नाव महसूल रेकॉर्डला नसेल तरी वनहक्काच्या नियमात (२०१२ ची दुरुस्ती) अशा वस्त्यांची यादी करायचं काम पंचायतीलाच दिलंय. तेव्हा आधी ठरवा, आपलं गाव म्हणजे नेमकी कोणती घरं. मोठ्या गावाच्या तीन टोल्यांचं जंगल एकच असेल तर एक ग्रामसभा ठेवा, प्रत्येक टोल्याची वहिवाट वेगळी असेल तर वेगळ्या करा. हा निर्णय बाहेरच्या संस्थेच्या माणसानं नाही घ्यायचा, गावानं बसून घ्यायचा.

कोरम लक्षात ठेवा. गावातल्या एकूण प्रौढांपैकी निदान अर्धे लोक हजर पाहिजेत आणि जे हजर आहेत त्यात निदान एक तृतीयांश बाया. हे कमी भरलं आणि तरी ठराव लिहिला तर दोन वर्षांनी कोणीतरी तोच मुद्दा काढून दावा लटकवणार. अर्धं गाव कसं जमवायचं? वेळ गावाची धरा. रोवणी चालू असताना, तेंदूच्या हंगामात मे महिन्यात, लग्नसराईत सभा लावू नका. अधिकाऱ्याच्या सोयीनं दुपारी बारा वाजता लावली तर पाच म्हातारे आणि रोजगार सेवक येईल. संध्याकाळी जेवणं झाल्यावर लावा, गोटूलात किंवा समाजमंदिरात, बाया लेकरं घेऊन येतील, येऊ द्या, आणि जी बाई कधी बोलत नाही तिला आधी विचारा की सरपण आणायला ती कोणत्या बाजूला जाते. माणसापेक्षा जंगल तिला जास्त माहीत असतं, तिच्या उत्तरावरून नकाशा बनतो.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाचं नाव सगळ्यांनी ऐकलंय, "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार". लोक ती घोषणा भिंतीवर रंगवतात पण त्याच्या मागची शिस्त विसरतात. त्या गावात निर्णय बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं होतो, एक जण जरी नाही म्हणाला तरी विषय पुढच्या बैठकीला जातो. आणि ग्रामसभेच्या आधी अभ्यास गट बसतो, त्यात विषय समजून घ्यायचा, कागद वाचायचे, बाहेरचा जाणकार बोलवायचा, निर्णय मात्र तिथं घ्यायचा नाही. गावातले देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी हे अनेक वर्षं लावून धरलं, कायदा येण्याच्या कितीतरी आधीपासून. म्हणून २००६ ला कायदा आला तेव्हा ते गाव तयार होतं आणि २००९ ला देशातले पहिले सामूहिक वनहक्क मेंढा आणि जिल्ह्यातल्याच मर्दा गावाला मिळाले, मेंढ्याला साधारण १,८०० हेक्टरवर. सगळ्याच गावांना सर्वसहमती जमेल असं नाही, कायद्यात साधं बहुमत चालतं. पण अभ्यास गट मात्र आजच सुरू करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

वनहक्क समिती

ग्रामसभेतून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची. त्यात निदान दोन तृतीयांश आदिवासी आणि निदान एक तृतीयांश बाया. अध्यक्ष, सचिव समितीनं आपल्यातून निवडायचे आणि उपविभागस्तरीय समितीला लेखी कळवायचं. बऱ्याच गावात २००८ च्या आसपास घाईघाईत समित्या बनल्यात आणि आज त्यातले अर्धे सदस्य वारले किंवा गाव सोडून गेले, त्यांची नावं कागदावर तशीच पडून आहेत. तुमच्या गावाची यादी काढून बघा. जुनी असेल तर ठराव करून नवीन निवडा, समिती ग्रामसभेची आहे, ती ग्रामसभाच बदलू शकते.

सचिव असा निवडा जो लिहू शकतो आणि गावात राहतो. नागपूरला कॉलेजला असलेला हुशार पोरगा सचिव केला की रजिस्टर नागपूरला आणि ग्रामसभा इकडे.

पुरावे: म्हाताऱ्यांपासून सुरुवात करा

कायद्यात पुराव्याची मोठी यादी आहे (नियम १३) आणि त्यातले कोणतेही दोन किंवा जास्त जोडले की झालं. अमुकच कागद पाहिजे अशी जबरदस्ती करता येत नाही. सॅटेलाइटचा फोटो पूरक म्हणून वापरता येतो, पण फोटोत दिसत नाही म्हणून दावा नाही असं म्हणता येत नाही, हे नियमातच लिहिलंय, त्याची प्रिंट जवळ ठेवा.

सर्वात आधी गावातल्या म्हाताऱ्या माणसांचं सांगणं लिहून घ्या. हा धड पुरावा आहे, नियमात त्याला जागा आहे, फक्त सांगणारा स्वतः दावेदार नसावा. सामूहिक दाव्यात सगळं गावच दावेदार असतं, म्हणून शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्यांकडून पण लिहून घेतलेलं बरं, आणि लेकीबाळी दुसऱ्या गावात दिलेल्या असतात त्यांच्याकडूनही. काय विचारायचं? तुम्ही लहान असताना ढोरं कुठपर्यंत न्यायचे, मोहाची झाडं कोणत्या घराची कोणती होती, कंद खणायला कुठं जायचे, कोणत्या डोहात मासे धरायचे, वैद्य औषधी कुठून आणायचा, मयत कुठं नेत होते, भूमिया (गावचा पुजारी) पूजा कोणत्या झाडाखाली करतो, पेनाची जत्रा कोणत्या वाटेनं जाते. गोंडीत किंवा माडियात सांगत असतील तर मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि मग मराठीत उतरवा, दोन्ही ठेवा. ह्या बोलण्यात डोंगराची, नाल्याची, दगडाची जी नावं येतात ती जशीच्या तशी लिहा, कारण वनखात्याच्या नकाशात फक्त कक्ष क्रमांक (जंगलाच्या तुकड्यांचे नंबर) असतात आणि गावाची नावं म्हाताऱ्यांबरोबरच चाललीत.

मग कागद. आपल्या भागात सर्वात भारी कागद म्हणजे निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या रूढींची नोंद). मालगुजारी (जुनी जमीनदारी) गेली तेव्हा गावाच्या निस्ताराच्या हक्कांच्या नोंदी झाल्या, कुठल्या गावाला कुठल्या जंगलातून सरपण, बांबू, चराई, सगळं लिहिलेलं असतं. तहसील ऑफिसच्या किंवा जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये मिळतं. अर्ज साध्या कागदावर करा, पोच घ्या, नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात टाका. वनखात्याचा वर्किंग प्लॅन (कार्य आयोजना), जुनी गॅझेटियर, जनगणनेची पुस्तकं, हे पण चालतं. आणि जमिनीवरचे पुरावे विसरू नका: जुनी बोडी (छोटं तळं), विहिरीचा काठ, पडकी भिंत, देवाचं झाड, स्मशान. त्यांचे फोटो काढा, फोटोत गावातला माणूस उभा करा आणि मागं लिहा काय आहे, कुठं आहे.

पायी सीमा फिरणं

ह्याला दिवस जातो, कधी दोन, जंगल मोठं असेल तर जास्त, आणि हेच काम सगळ्यात मजेचं आहे. म्हातारे, पोरं, बाया, भूमिया, गायता, सगळे मिळून निघायचं, सोबत भात बांधून. फोनमध्ये कोणतंही जीपीएसचं साधं ॲप चालतं, प्रत्येक वळणावर पॉइंट घ्यायचा आणि तिथलं गावाचं नाव वहीत लिहायचं. ॲपवर विसंबून वही सोडू नका, चार्ज संपतो. नेटवर्क तर असंही नसतं.

निघायच्या आधी शेजारच्या गावांना निरोप द्या आणि त्यांची माणसं सीमेवर बोलवा. हे टाळू नका. जंगल म्हणजे शेताची धुरा नाही, एकाच टेकडीवर दोन गावांची ढोरं चरतात, तिथं एक रेघ ओढून भांडण उभं करण्यात काही अर्थ नाही. जिथं वहिवाट दोघांची आहे तिथं तसं लिहा, सामाईक म्हणा आणि दोन्ही ग्रामसभांचे ठराव एकमेकांना जोडा. दावे एकमेकांवर येत असतील तर दोन्ही गावच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं असं नियमच सांगतो, ग्रामसभांनाही नाही सुटलं तर मगच उपविभागाकडे. आणि जे उन्हाळ्यात मेंढरं, गाई घेऊन येतात, बांबूचं काम करणारे बुरड, त्यांना पण विचारा. हंगामी चराईचा हक्क कायद्यात ढोरं घेऊन येणाऱ्यांचाही आहे. आपल्यावर जो अन्याय झाला तोच आपण दुसऱ्यावर करायचा नाही, एवढं तरी.

दावा भरणं आणि मागं लागणं

फॉर्म तीन आहेत. अ वैयक्तिक, ब सामूहिक हक्कांचा (निस्तार, गौणवनोपज म्हणजे तेंदू, मोह, बांबू असं जंगलातलं उत्पन्न, मासे, चराई वगैरे), आणि क सामूहिक वनसंसाधनाचा. ब आणि क दोन्ही भरा. फक्त ब भरून गावं बसतात आणि मग जंगलाच्या व्यवस्थापनाचा हक्क राहून जातो. क मध्ये कक्ष किंवा गट क्रमांक, क्षेत्र, चारही बाजूंच्या खुणा, लागून असलेली गावं, नकाशा, आणि गावातल्या सगळ्यांच्या सह्याअंगठे जोडा.

पडताळणीची तारीख ठरवून वनखातं आणि महसूलला लेखी कळवा. त्यांनी हजर राहायचं आणि सही करायची हे नियम १२अ मध्ये आहे. नाही आले तर पंचनाम्यात तसं लिहून पडताळणी पूर्ण करा. नंतर ते म्हणाले आम्ही नव्हतो तर दावा फेरपडताळणीला परत येतो, आणि दुसऱ्यांदाही नाही आले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. हे त्यांना नम्रपणे, पण पत्रातच, आठवण करून द्या. तोंडी बोलण्याला काही किंमत नसते.

मग ग्रामसभेचा ठराव, आणि फाईल उपविभागीय अधिकाऱ्याकडे. तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे. फाईलचे तीन सेट करा, एक तिकडे, एक गावात, एक कोणाकडे तरी सुरक्षित. प्रत्येक कागदावर आवक नंबर आणि शिक्का. महिन्यातून एकदा पाचसात जणांनी जाऊन विचारायचं, एकट्यानं नाही, आणि त्यात बाया असू द्या, साहेब बायांना लवकर हाकलत नाही.

दावा नामंजूर झाला किंवा क्षेत्र कापलं तर घाबरू नका. कारण लेखी द्यावं लागतं, आणि ६० दिवसांत वरच्या समितीकडे जाता येतं. खरं तर समितीनं परस्पर नामंजूर न करता फेरविचारासाठी ग्रामसभेकडे परत पाठवायचं असतं. अनुसूचित क्षेत्रात २०२० पासून राज्यपालांच्या अधिसूचनेनं जिल्हा समितीच्या निर्णयावरही विभागीय आयुक्तांच्या समितीकडे अपील करता येतं. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कोणालाही जागेवरून हटवता येत नाही, कलम ४(५). आणि अधिकारी कायदा मोडतच असेल तर कलम ८ खाली ग्रामसभा राज्यस्तरीय समितीला ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. दंड जास्तीत जास्त हजार रुपये, हसू येतं, पण अधिकाऱ्याला रकमेपेक्षा नोटिशीचीच भीती जास्त असते.

पट्टा हातात आला, आधी वाचा

फोटो काढून स्टेटसला टाकायच्या आधी वाचा. पट्टा ग्रामसभेच्या नावानं आहे का, की वनखात्याच्या संयुक्त वनव्यवस्थापन समितीच्या नावानं? क्षेत्र आणि कक्ष क्रमांक दाव्याशी जुळतात का? "वनखात्याच्या कार्य आयोजनेच्या अधीन राहून" अशी एखादी अट घुसवलीय का? तसं काही असेल तर लगेच ग्रामसभेचा ठराव करून दुरुस्ती मागा, गप्प राहिलात तर पुढं प्रत्येक कामाला तीच अट आडवी येते. पट्टा मिळाल्यावर महसूल आणि वनखात्याच्या रेकॉर्डला नोंद घेऊन अंतिम नकाशा बनवायचा असतो, त्यासाठी जास्तीत जास्त तीन महिने. त्याचा अर्ज तुम्हीच टाका, आपोआप होईल म्हणून बसू नका.

आता खरं काम

गडचिरोलीत हजाराहून जास्त गावांकडे सामूहिक पट्टे आहेत, पण किती गावात ग्रामसभा दर महिन्याला बसते? पट्टा पेटीत ठेवून काही होत नाही.

नियम ४(१)(ई) नुसार ग्रामसभेनं आपल्यातून एक समिती करायची, जंगल आणि जैवविविधता राखायची. ही वनखात्याची समिती नाही, ग्रामसभेची, तिच्यावर लक्षही ग्रामसभेनंच ठेवायचं. गस्त पाळीनं लावा, घरटी. नियम लिहा पण थोडेच लिहा: जंगलाचा कोणता भाग काही वर्षं बंद, कोणत्या झाडाला हात नाही, आग लावली तर काय, नाल्यात विष टाकून मासे मारले तर काय. दंड परवडेल इतकाच ठेवा, म्हणजे तो वसूल होतो. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र ह्या कायद्यात मुद्दाम वगळलेला आहे, तेव्हा पारदीच्या (गावाच्या शिकारीच्या) प्रथेवर गावात आधीच बोलून घ्या, नाहीतर एका सशामुळे अख्ख्या गावावर केस होते.

तेंदू. सत्तर पानांचा एक पुडा, आणि मे महिन्याच्या दोनतीन आठवड्यात वर्षाचा नगदी पैसा. ग्रामसभा स्वतः लिलाव करू शकते, आणि एकट्या गावापेक्षा दहावीस गावांनी मिळून जाहिरात काढली तर भाव चांगला मिळतो. गडचिरोलीत कोरची तालुक्यात गावांनी मिळून महाग्रामसभा बांधली ती ह्याच गरजेतून. करारात काय पाहिजे: तोडणीची मजुरी वेगळी आणि ग्रामसभेला मिळणारी रॉयल्टी वेगळी, अनामत रक्कम आधी, गोदामातून माल उचलायच्या आधी पैसे पूर्ण, फडावर (पुडे जमा करायच्या जागी) मोजणी गावाच्या मुन्शीची, जीएसटी आणि टीसीएस (विक्रीच्या वेळी गोळा होणारा कर) कोणी भरायचा. शेवटच्या वाक्यासाठी एखादा सीए गाठा, फी द्या, फुकटात करून घेऊ नका. ठेकेदार गोड बोलून "पुढच्या हंगामात देतो" म्हणाला की समजायचं पैसे गेले.

पण तेंदू घ्यायचाच असं पण नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं बांबू चालू ठेवला आणि तेंदू बंद केला, कारण तेंदूसाठी झाडं छाटतात, आगी लावतात, त्याची फळं पाखरांना, माणसांना मिळत नाहीत. पैसा सोडायला मोठी छाती लागते, बांबूचा आधार होता म्हणून जमलं हे पण खरं. तुमच्या गावाचं गणित तुम्ही मांडा.

बांबूला नियम साधे आहेत आणि म्हाताऱ्यांना पाठ आहेत: पावसाळ्यात तोडायचा नाही कारण वास्ते (नवे कोंब) निघत असतात, कोवळा तोडायचा नाही, रांजीत (बांबूच्या बेटात) आठदहा जुने बांबू सोडायचे, मधून तोडायचं, जमिनीलगतच्या पहिल्या पेराच्या वर स्वच्छ वार. जंगलाचे तीनचार भाग पाडून दरवर्षी एक घ्यायचा. वास्त्यांची भाजी सगळ्यांना आवडते, मलाही, पण सगळे वास्ते खाल्ले तर पुढं बांबू कुठून येणार, तेव्हा त्याचंही प्रमाण ग्रामसभेनं ठरवायचं.

मोहफुलाचं दुखणं वेगळं. मार्च-एप्रिलला वेचायचं, घरात पैसा नसतो म्हणून लगेच व्यापाऱ्याला द्यायचं, आणि पावसाळ्यात तेच फूल जास्त भावानं परत विकत आणायचं. ह्यावर उपाय म्हणजे साठवण. कोरडं गोदाम, लाकडी फळ्यांवर पोती, आणि ग्रामसभेच्या खात्यातून वेचणाऱ्या बाईला काही रक्कम आगाऊ, म्हणजे तिला घाईत विकायची गरज नाही. २०२१ ला राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करायचे आणि न्यायचे निर्बंध उठवलेत, तरी नाक्यावर कोणी अडवलं तर तो आदेश जवळ असू द्या. झाडाखालचा पाला जाळू नका, झाडून घ्या किंवा जुन्या साड्या नाहीतर जाळी अंथरा, फूलही स्वच्छ राहतं आणि रोपं जगतात. जंगलातल्या आगींचं एक मोठं कारण आपणच आहोत, हे ग्रामसभेत म्हणायला कोणी तयार नसतं.

मेळघाटच्या पायथ्याला अचलपूर तालुक्यात पायविहीरच्या लोकांनी उजाड टेकडीवर सीताफळ वाढवलं आणि मुंबईपर्यंत विकलं, २०१४ ला गावाला जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांच्याकडे ना बांबू ना तेंदूचं घनदाट रान होतं. म्हणून जंगल खराब आहे, दावा करून काय मिळणार असं म्हणू नका. मृद-जलसंधारण, रोपलागवड ही कामं रोजगार हमीतून वनहक्काच्या जंगलात घेता येतात, ग्रामसभेनं आराखडा बनवून मागायची.

जुनं परत आणणं

हे परंपरा परंपरा करत भाषण ठोकायचं काम नाही. पावसाळ्यात एक दिवस ठरवा, बायांनी आणलेल्या भाज्या मांडा, तरोटा, कुड्याची फुलं, सात्या, कंद, पोरांनी नावं लिहायची, कुठं मिळतं, कधी मिळतं, किती घ्यायचं, कसं शिजवायचं. शाळेच्या मास्तरला घ्या सोबत. कोसरी, कुटकी ह्या जुन्या धान्यांचं कोणाच्या घरी बियाणं उरलंय ते शोधा आणि दोनतीन घरांना पेरायला द्या. पंडुम (नव्या फळाचा सण) झाल्याशिवाय आंबा, मोह तोडायचा नाही ही जी आपली रीत आहे, तिच्यात फळ पिकू देण्याचं, बी पडू देण्याचं शहाणपण आहे, ती रीतच ग्रामसभेच्या नियमात लिहून टाका, म्हणजे नवीन पोरांना दोन्हीकडून कळेल. पेनाच्या जागेभोवतीचं रान तोडबंद म्हणून नकाशात दाखवा.

सगळंच जुनं आणायचं असंही नाही. बायांना पूजेच्या जागी येऊ द्यायचं नाही, जातपंचायतीनं वाळीत टाकायचं, हे पण जुनंच होतं. ग्रामसभा ते बदलू शकते, आणि तिनं बदलावं असं माझं स्पष्ट मत आहे.

पैसा आणि गाडी

ग्रामसभेच्या नावानं बँक खातं, पॅनकार्ड. सही दोघातिघांची, त्यात एक बाई. तोडणीची मजुरी तोडणाऱ्याच्याच खात्यात, घरच्या कर्त्याच्या नाही, बायकोनं तोडलेल्या पुड्यांचे पैसे नवऱ्याच्या खात्यात का जावेत. दर महिन्याला जमाखर्च ग्रामसभेत मोठ्यानं वाचायचा, पाचशे रुपयाचा चहा झाला असेल तर तोही. वर्षाला ऑडिट. गावं वनखात्याशी भांडून जिंकलेली आहेत आणि मग आपल्याच हिशोबावरून फुटलेली आहेत.

वाहतुकीचा पास. २००९ ला पट्टा मिळूनही मेंढ्याला बांबू विकू देत नव्हते, वाहतूक परवान्याची अडवणूक. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि पासाचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. दोन वर्षं गेली त्यात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर आता नियमातच आहे, गौणवनोपजाचा वाहतूक पास ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेनं नेमलेला माणूस देतो, बांबू धरून, आणि कोणतीही रॉयल्टी किंवा फी नाही. तुमचं पासबुक छापून घ्या, नंबर टाकून, तीन प्रतींचं, एक गाडीवाल्याजवळ, एक घेणाऱ्याजवळ, एक गावात. नमुना सही आणि शिक्का आधीच वनखात्याला, पोलिस स्टेशनला आणि नाक्यावर पत्रानं कळवून ठेवा, आणि ड्रायव्हरजवळ पट्ट्याची झेरॉक्स, ठरावाची झेरॉक्स, नियमाची झेरॉक्स आणि समितीच्या दोघांचे फोन नंबर द्या. गाडी अडवली तर ड्रायव्हरनं वाद घालायचा नाही, अडवणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कारण कागदावर मागायचं, आणि गावातून लोक येईपर्यंत गाडी तिथंच उभी ठेवायची.